मिरगी नव्हती

१९९६ सालच्या मार्चमधल्या एका मंगळवारी झुलालची बायको लताबाई दुपारी साडेबाराला गेली आणि झुलालला ते पावणेचारला कळलं. मधला सगळा वेळ तो जळगाव–धुळे गाडी चालवत होता.

गाडी पारोळ्याच्या स्टँडवर लागली तेव्हा कंट्रोलरनं कंडक्टर गिरधरला खिडकीशी बोलावलं. धुळ्याहून फोन आला होता. गिरधर परत आला तो मान खाली घालून. झुलालला वाटलं, कंट्रोलरनं कशावरून तरी झापलं असेल.

"काय रे, वहिनीनं फोनवरून हाणलं का?" झुलालनं विचारलं.

गिरधर हसला. म्हणजे त्यानं दात दाखवले.

ड्रायव्हर लोकांत एक रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. ड्रायव्हरच्या घरी वाईट झालं आणि तो गाडीवर असला, तर गाडी मुक्कामाला लागेपर्यंत त्याला सांगायचं नाही. मागं पन्नास-साठ माणसं बसलेली असतात. झुलालनं स्वतः ही रीत पाळली होती. बाप मेलेल्या एका ड्रायव्हरला त्यानं एरंडोलला चहा पाजला होता आणि त्याच्या विनोदाला टाळीसुद्धा दिली होती.

मुकटीला गाडी थांबली तेव्हा झुलाल खाली उतरला आणि त्यानं भजी घेतली.

"भाऊ, आज राहू द्या ना. चला," गिरधर म्हणाला.

"का? तुला बाळंतपणाला जायचंय का कोणाच्या?" म्हणत झुलालनं तळलेली मिरची घेतली आणि सावकाश खाल्ली. पुढच्या सीटवर देवपुरातला एक म्हातारा बसला होता. त्यानं पारोळ्याला फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. झुलालचं मिरची खाणं तो खिडकीतून पाहत राहिला आणि झुलालनं वर पाहिलं तशी त्यानं मान फिरवली. फागण्याला एक ओळखीची बाई चढली. तिला साडीला फॉल लावून घ्यायचा होता, शिंपी कुठं बसतो, लताबाईला विचारून सांगा म्हणाली. झुलाल म्हणाला, उद्या सांगतो.

धुळ्याला गाडी लावून त्यानं सही केली. मग गिरधरनं त्याचा हात धरला. आणखी दोन ड्रायव्हर जवळ येऊन उभे राहिले. ते उभे राहिले तसं झुलालला उमजलं.

"आई ना?" तो म्हणाला. त्याची आई तानुबाई पंचाहत्तरीची होती. त्या एका क्षणात त्यानं मनाची तयारीसुद्धा करून टाकली.

"नाही भाऊ," गिरधर म्हणाला. "लतावहिनी."

देवपुरात ते दोन खोल्यांत भाड्यानं राहत. वर गच्ची होती. लताबाई सकाळपासून गच्चीवर शेजारणींबरोबर बिबड्या घालत होती. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे हे पापड खानदेशात उन्हाळ्याच्या तोंडाला घरोघर होतात. यंदा तिनं जास्त घातल्या होत्या. मुलगी रंजना पारोळ्याला दिली होती, तिला सातवा सरत आला होता, पहिलं बाळंतपण माहेरी होणार होतं. जबडा दुखतो, असं लताबाई सकाळी म्हणाली. मग म्हणाली, छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतं. शेजारणी म्हणाल्या, पित्त असेल, लिंबू घे. तिनं लिंबू घेतलं, आणखी एक ओळ घातली आणि पातेल्याशी बसली ती उठली नाही. पलीकडच्या गल्लीतल्या सुगराबीला हाक मारली. ती सरकारी दवाखान्यात आया होती. ती येईपर्यंत संपलं होतं. डॉक्टरनं कागदावर हार्ट फेल लिहिलं.

"बायकांना कुठं हार्टचं होतं?" झुलाल घरात शिरला तेव्हा एक शेजारीण म्हणत होती. "ते पुरुषांचं दुखणं."

"एकोणचाळिसाव्या वर्षी?"

"कोणाची तरी नजर."

तानुबाई सुनेच्या उशाशी बसली होती. सुनेच्या कपाळावर तिनं आपल्या हातानं मळवट भरला होता. इतकं कुंकू लताबाईनं जिवंतपणी कधी लावलं नव्हतं. "सवाशीन गयी," तानुबाई सगळ्यांना सांगत होती. "भाग्यनी व्हती. मन्हा नशिबमा ते बी नही." बायका माना डोलावत होत्या. कोणी तरी झुलालच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, सोनं झालं तिचं.

सुगराबी दाराबाहेर उभी होती. तिनं झुलालकडे एकदाच पाहिलं. झुलालनं खाली पाहिलं. लताबाई कशानं गेली हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं.

त्याला वीस वर्षं झाली होती. झुलाल तेव्हा सोनगीरला राहायचा, नोकरी नव्हती, एका ट्रकवर बदली ड्रायव्हर म्हणून जायचा. लताबाई एकोणीस वर्षांची होती आणि तिला आठवा लागला होता. माहेरी न्यायला भाऊ येणार होता. तिचे पाय इतके सुजले की जोडवी मांसात रुतली.

"पाय सुजनात ते पोऱ्या व्हई," तानुबाई म्हणाली होती आणि भाकरी थापायला बसवलं होतं. तीन दिवस लताबाईचं डोकं ठणकत होतं. डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणाली. तानुबाई म्हणाली, माहेरी जायचं म्हटलं की सगळ्यांनाच चमकतात.

चौथ्या दिवशी अंगणात ती पडली. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले, तोंडातून रक्ताचा फेस आला. भावकीतली माणसं धावली. कोणी कांदा फोडून नाकाला लावला. कोणी पायातली चप्पल काढून तोंडावर धरली. फेफऱ्याला असं करतात. मिरगी हा शब्द पहिल्यांदा कोण बोललं ते झुलालला कधीच कळलं नाही. पण दिवस मावळायच्या आत तो शब्द गावभर झाला होता.

तिला ट्रकमध्ये घालून आग्रा रोडनं धुळ्याला नेलं. वाटेत तीनदा झटके आले. मुलगी झाली, दोन किलोची नव्हती. ती रंजना. लताबाईला दोन दिवस दिसत नव्हतं. मग दिसायला लागलं. सुगराबी त्याच वॉर्डात नवी लागली होती; तिनंच पोर कापसात गुंडाळून ठेवली.

घरी सोडायच्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी झुलालला समोर बसवलं. "ही मिरगी नाही," त्या म्हणाल्या. "गरोदरपणात हिचा रक्तदाब चढला, त्याचे झटके आहेत. झटके पुन्हा येणार नाहीत. पण दाब अजून पूर्ण उतरलेला नाही. दर वर्षी मोजायचा, जन्मभर. नाही मोजला तर आतल्या आत हृदय खाईल. कळलं का?"

झुलालला कळलं होतं. पुढं जे सगळं झालं ते त्याला कळलं नव्हतं म्हणून झालं नाही.

सोनगीरला येऊन त्यानं हे भावकीत सांगितलं तेव्हा लोक हसले. चुलतभाऊ म्हणाला, "डॉक्टर असंच बोलतात. सोयऱ्यांनी फसवलं तुले, झुलाल. मिरगीनी पोर गयामा बांधी दिनी." हळदीच्या कामाला लताबाईला बोलावणं बंद झालं. विहिरीवर ती आली की बायका आपली पोरं मागं ओढत, जसं काही तिचं त्यांना चिकटणार होतं. पुढं दुसरं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा नको. तानुबाई सुनेच्या तोंडावर म्हणाली, झाड वठलं.

एस.टी.त नोकरी लागली तसा झुलाल बिऱ्हाड घेऊन धुळ्याला आला. इथं कोणाला काही ठाऊक नव्हतं. सुगराबी पलीकडच्या गल्लीत राहते हे त्याला नंतर कळलं. ती दर वर्षी म्हणायची, "झुलालभाऊ, वहिनीचा दाब मोजून आणू?" तो म्हणायचा, बघू.

नव्वद साली लताबाईला जिना चढताना धाप लागायला लागली. सुगराबीनं न विचारता तिला नेलं. दाब फार होता. गोळ्या दिल्या, केसपेपर केला, दर महिन्याला या म्हणून सांगितलं, मीठ कमी करा म्हणाले. लताबाई पाच महिने गेली. आपल्या वाटणीची भाजी ती मीठ घालायच्या आधी वाटीत काढून ठेवायची. तानुबाईनं ते पाहिलं.

"घरमा कोन मरनं का, अळणी खास ते?" तिनं विचारलं. अळणी जेवण सुतकातलं. लताबाईनं वाटीत मीठ टाकलं आणि तिच्यासमोर खाल्लं.

त्याच वर्षी रंजनाला पंधरावं लागलं आणि नात्यातून स्थळांची बोलणी यायला लागली. तिकडं रीत अशी की मुलगी पाहण्याआधी तिची आई पाहतात. पाहतात म्हणजे समोर बसवून नाही. गल्लीत विचारतात, गिरणीवर विचारतात, दवाखान्याच्या लाइनीत कोण बसतं आणि कशासाठी बसतं ते विचारतात.

"उद्यापासून दवाखाना बंद," झुलाल म्हणाला.

"का?"

"लाइनीत सोनगीरचे असतात, पारोळ्याचे असतात. कोणी विचारलं, गोळ्या कशाच्या, तर काय सांगशील?"

"दाबाच्या."

"आणि दाब कधीपासून? सोनगीरला जाऊन विचारतील. काय सांगतील तिथं?"

"मला मिरगी नव्हती. तुम्हाला तर माहिती आहे."

"मला माहिती असून काय उपयोग? मला कोण विचारतं?"

"तुम्ही सांगितलं तर ऐकतील की."

"एकदा सांगितलं. हसले. पुन्हा हसू करून घ्यायचं का? पोर घरात राहील, मग बस दाब मोजत."

त्यानं केसपेपर फाडून पाणी तापवायच्या बंबात टाकला. गोळ्यांची पाकिटं पण टाकली, त्यांचा वास दिवसभर राहिला. पुढं सुगराबी पदराआड गोळ्या आणून द्यायची, तेही त्याला सापडलं. गल्लीत उभं राहून तो तिला म्हणाला, "तुझ्या घरात पोरी नाहीत म्हणून तुला चाळे सुचतात." सुगराबीला मूलबाळ नव्हतं. ती मागं फिरली आणि गोळ्या बंद झाल्या.

झुलालनं बायकोवर कधी हात उगारला नाही. डेपोत तो हे अभिमानानं सांगायचा.

"लग्न होईपर्यंत दम धर," तो तिला म्हणाला होता. चौऱ्याण्णवला रंजनाचं लग्न झालं. पारोळ्याच्या रुपचंदनानांचा मुलगा अभिमन, खतांच्या दुकानात होता, घर चांगलं होतं. मग झुलाल म्हणाला, पहिलं वर्ष जाऊ दे, पहिल्या वर्षी लोक खोड्या काढतात. वर्ष गेलं. रंजनाला दिवस गेले. दिवाळीत लताबाई फराळाचे डबे भरत होती. भरता भरता थांबली आणि श्वास घेऊन म्हणाली,

"आता जाऊ का दवाखान्यात?"

"रंजना बाळंत होऊ दे," झुलाल म्हणाला. "एकदा नातू मांडीवर आला की कोण बोलतं?"

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

पोटुशी बाई प्रेताजवळ येत नाही म्हणून रंजनाला आईचं तोंड दाखवलं नाही. तिला तेराव्याला आणलं. रुपचंदनाना जीप करून आले. रंजना जीपमधून उतरली ती दोन्ही हातांनी दार धरून. झुलालला मिठी मारून ती रडली. तिचं तोंड सुजलेलं होतं, पण रडून सुजलं असेल असं सगळ्यांना वाटलं.

पंगत उठल्यावर सुगराबीनं तिला आतल्या खोलीत बसवलं आणि पायावरची साडी वर केली. नडगीवर अंगठा दाबून काढला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. झुलाल दारातून पाहत होता.

"कधीपासून गं?"

"झाले आठ-दहा दिवस. सासूबाई म्हणतात, पाय सुजले की मुलगा."

"डोकं दुखतं?"

"उन्हानं दुखतं, मावशी. जीपमध्ये किती तापलं."

"दाब मोजला कोणी?"

"नाही. आमच्याकडे दाई येते. दवाखान्यात वेळेवर नेणार आहेत."

"उद्याच्या उद्या मोजून घे."

"सासूबाईंना विचारते."

सुगराबी उठली आणि झुलालला मोरीकडे घेऊन गेली. ती हळू बोलली. "भाऊ, आईला असतं ते पोरीला होऊ शकतं. पोरीच्या अंगावर तेच दिसतंय. आज सांगा तिच्या सासरच्यांना. दवाखान्यात सांगा म्हणावं, हिच्या आईला झटके आले होते, आई दाबानं गेली. नाहीतर मी सांगते."

"तू नको," झुलाल म्हणाला. "बाहेरच्या तोंडून गेलं तर वाईट दिसेल. मी बाप आहे. मी सांगतो."

"आज?"

"आज."

रुपचंदनाना ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. झुलाल जाऊन शेजारी बसला. तोंड उघडणार तेवढ्यात नानाच बोलले.

"व्याही, एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा ना."

"बाईंना आधीपासून काही होतं का? नाही, काय झालं, बाजारात सोनगीरचा एक माणूस भेटला. तो काहीबाही बोलत होता. मिरगी की काय. मी त्याला हाकलला. म्हटलं, आमच्या व्याह्यानं असं काही लपवलं नसतं." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "तसं असतं तर सून आज इथंच सोडून गेलो असतो, खोटं नाही सांगत. आमच्या अभिमनच्या पाठीवर दोन पोरी लग्नाच्या आहेत."

हीच वेळ होती. मिरगी नव्हती, पण दाब होता, असं सांगता आलं असतं. चार वाक्यं होती. डॉक्टरीणबाईंनी वीस वर्षांपूर्वी सांगितलेली ती चार वाक्यं झुलालला अजून पाठ होती.

"नाही नाना," तो म्हणाला. "काहीच नव्हतं. कधी डोकं दुखलं नाही तिचं."

"झालं तर," नाना म्हणाले.

तानुबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "मन्ही सून ते वाघीण व्हती. बठ्ठं काम एकली करे."

"आता बाळंतपण पारोळ्यालाच करू," नाना म्हणाले. "इथं बाईमाणूस कोण आहे करायला? आईंचं वय झालं."

झुलालनं मान हलवली. नाना बोलता बोलता उठले. रंजना जाताना म्हणाली, "नाना, तुम्ही याल ना मधून मधून? तुमची तर गाडीच येते." ती बापालाही नानाच म्हणायची. झुलाल येतो म्हणाला.

सुतक फिटल्यावर तो कामावर गेला. तीच जळगाव गाडी. जाता-येता ती पारोळ्याला दहा मिनिटं थांबते, आणि स्टँडवरून रुपचंदनानांचं घर चालत पाच मिनिटांवर आहे. पहिले काही दिवस तो सीटवरून उतरलाच नाही. मग एक दिवस गिरधर म्हणाला, "जा ना भाऊ, पोरीला भेटून या. दोन मिनिटं उशीर झाला तर मी बघतो."

झुलाल गेला. रंजना पाटावर भिंतीला टेकून बसली होती. बांगड्या काढून ठेवल्या होत्या, हातात जात नव्हत्या. तिच्या डोळ्यांच्या खाली फुगलं होतं.

"पहा, तब्येत कशी सुधारली," तिची सासू कौतुकानं म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. रुपचंदनाना खाटेवर होते.

"मावशीनं दाब मोजायला सांगितला होता ना?" झुलाल म्हणाला.

"सांगितला होता," रंजना म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, कोणाला काय झालंय म्हणून मोजायचा?"

नानांनी खाटेवरून झुलालकडे पाहिलं. "का हो? काही कारण?"

"नाही, असंच," झुलाल म्हणाला. "शहरात सगळे मोजतात म्हणून." त्यानं चहा घेतला. रंजनाला म्हणाला, पाणी पीत जा, उन्हात निघू नको. ती म्हणाली, बरं. स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला, गिरधरच वाजवत होता, तसा तो उठला.

त्या संध्याकाळी सुगराबी ओट्यावर वाट पाहत होती. त्यानं व्याह्यांना सांगितलं की नाही हे तिला तेराव्यालाच विचारायचं होतं, पण त्या संध्याकाळी तिची ड्युटी लागली, मग तिचा नवरा आजारी पडला. आता रविवारी तिला सुट्टी होती. पारोळ्याला जायचं तिनं ठरवलं होतं, झुलालला आवडो न आवडो.

"सांगितलं का?" तिनं विचारलं.

"सांगितलं," झुलाल म्हणाला.

"सगळं? झटक्याचं पण?"

"झटक्याचं पण."

"काय म्हणाले?"

"नाना समजदार माणूस आहे. दवाखान्यात नेलं तिला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या."

सुगराबीनं दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि ओट्यावर बसली. "अल्ला," ती म्हणाली. "मी तर रविवारी स्वतः निघाले होते. तुमच्यावर फार राग होता माझा, भाऊ. आता काही नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लतावहिनीला पण असंच केलं असतं तर."

"हो," झुलाल म्हणाला.

सुगराबी पारोळ्याला गेली नाही.

रंजनाला परवा नववा लागला. तिच्या आईला काय झालं होतं ते पारोळ्यात अजून कोणाला सांगितलेलं नाही, आणि रंजनाचा दाब अजून कोणी मोजलेला नाही.